महारस, उपरस, साधारण रस: हे कप्पे नक्की कशावरून पाडलेत?

दगडधोंडे
नमस्कार मंडळी. मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो. आमच्या डिपार्टमेंटबाहेर दोन काचेची कपाटं रिकामी पडलीयेत आणि वरून फर्मान आलंय की तिथे 'आयुर्वेदातली खनिजं' मांडा. सँपल्सचं टेन्शन नाही, निम्मी तर आमच्याच ड्रॉवरमध्ये आहेत. घोडं अडलंय ते मांडायच्या क्रमावर. आम्ही लोक सल्फाइड, ऑक्साइड, कार्बोनेट, सिलिकेट असं लावतो, कपाट उघडलं की विद्यार्थ्याला कळतं कोण कुणाच्या शेजारी का बसलंय.

म्हटलं ग्रंथातलाच क्रम घेऊ, म्हणून रसरत्नसमुच्चय (पारा-खनिजांवरचा जुना संस्कृत ग्रंथ) काढलं (आनंदाश्रमाची प्रत मिळाली). तिथे आठ-आठच्या तीन याद्या.
महारस: अभ्रक, वैक्रांत, माक्षिक, विमल, शिलाजतू, सस्यक, चपल, रसक.
उपरस: गंधक, गेरू, हिराकस, तुरटी (ग्रंथात कांक्षी), हरताळ (आर्सेनिकचं पिवळं खनिज), मनशीळ, अंजन, कंकुष्ठ.
साधारण रस: कपिला, सोमल (पांढरं आर्सेनिक), नवसागर, कवडी, अग्निजार, गिरिसिंदूर, हिंगूळ, मुर्दाडशिंग.

आता मला सांगा, पहिल्या फळीवर सिलिकेट (अभ्रक), सल्फाइड (माक्षिक), सल्फेट (सस्यक म्हणजे मोरचूद), जस्ताचं खनिज (रसक) आणि यांच्या मधोमध डांबरासारखं शिलाजित. तिसऱ्या फळीवर तर कपिला म्हणजे झाडाच्या फळावरची लाल पूड, अग्निजार म्हणजे बहुतेकांच्या मते देवमाशाच्या पोटातला अंबर, आणि कवडी. हे खनिजांचं वर्गीकरण आहे की वाण्याची यादी? कुणी जाणकार असेल तर प्लीज सांगा, टिंगल करायची नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

चहाबाज
कवडीमोल धागा म्हणणार होतो पण वाचला आणि बसलो. खुर्ची पकडून आहे, येऊ द्या.

काढा_दोनदा
रसशास्त्र, म्हणजे आयुर्वेदातलं पारा-खनिजांच्या औषधांचं शास्त्र, माझा विषय आहे (एमडी केलंय, शिकवते पण) त्यामुळे राहवत नाही. दगडधोंडे सर, तुम्ही दिलेल्या तिन्ही याद्या परत बघा. त्यात एक जण कुठेच नाही. पारा. त्याला ग्रंथात नुसतं 'रस' म्हणतात आणि तो सगळ्या याद्यांच्या बाहेर एकटा बसतो. आणि या याद्या त्याच्या दरबारातल्या आहेत. कोण कशाचं बनलंय हा प्रश्न त्या लोकांना पडलेलाच नाही, पाऱ्यावर काम करताना कोण किती उपयोगी पडतं हा पडलेला. पाऱ्यात काय जिरवायचं, त्याला बांधायचं (म्हणजे घट्ट करायचं) कशाने, आगीवर टिकवायचं कसं. जे या कामात वरचढ ते महारस, त्याखालचे उपरस, आणि इतर किरकोळ कामाला लागणारे साधारण. ढोबळमानाने हं, अपवाद आहेत आणि ते भरपूर आहेत.

दुसरं म्हणजे महारसांतून 'सत्त्व' काढायचं वर्णन येतं. मुशीत घालून, वर सुहागा (टाकणखार), मध, तूप, एरंडेल असलं काय काय टाकून जोरात धमायचं, मग खाली धातूसारखा गोळा मिळतो. माक्षिकाचं सत्त्व तांब्यासारखं लाल. रसकाचं सत्त्व कथलासारखं पांढरं. सस्यकाचं लालभडक. अभ्रकाचं लोखंडासारखं.

दगडधोंडे
थांबा थांबा. माक्षिक म्हणजे कॅल्कोपायराइट, तांबं निघणारच. रसक म्हणजे कॅलमाइन, जस्त. मोरचुदातून तांबं. आणि अभ्रकातून लोखंड म्हणजे ते आमचं मस्कोव्हाइट नाही, ते काळं बायोटाइट असणार, त्यात लोह भरपूर असतं, पांढऱ्यात जवळपास नसतंच. म्हणजे माझ्या भाषेत तुमचे महारस हे बरेचसे ओअर (धातू काढायची खनिजं) आहेत!

काढा_दोनदा
अगदी. आणि औषधाला काळंच अभ्रक घ्या असं ग्रंथात स्पष्ट आहे. त्यातही चार जाती, पिनाक, नाग, मंडूक, वज्र. ओळखायची कशी तर आगीत टाकून. पिनाकाचे पापुद्रे सुटतात, नाग फुत्कारतं, मंडूक बेडकासारखं टुणकन उडतं, आणि वज्र ढिम्म हलत नाही. वज्र घ्यायचं, बाकीची टाकून द्यायची. तुमच्या लॅबमध्ये बर्नर असेल तर विद्यार्थ्यांना करून दाखवा (गॉगल घालून), पोरं लेबल विसरतील पण हे विसरणार नाहीत.

पारा_चढला
ताई, ऐकायला छान आहे पण गंधकाचं काय? पारा आणि गंधक घोटून कज्जली केल्याशिवाय तुमचं निम्मं रसशास्त्र हलत नाही, बहुतेक रसकल्पांत (पाऱ्याच्या औषधांत) ती असते. मग 'पाऱ्याच्या उपयोगावरून नंबर' या हिशोबाने गंधक पहिल्या फळीवर हवा ना, तो उपरसात का? दुसरं, हिंगूळ. पारा मुळात त्यातूनच काढतात, हिंगुळातून काढलेला पारा जास्त शुद्ध मानतात असं तुम्हीच म्हणता, आणि त्याला टाकलंय सोमलाच्या आणि कवडीच्या शेजारी. थिअरी चांगली आहे फक्त पुराव्याला बसत नाही एवढंच.

काढा_दोनदा
@पारा_चढला, प्रश्न रास्त आहे आणि विद्यार्थीही दर वर्षी विचारतात. गंधकाचं माझं मत असं की तो धातू देत नाही, त्याचं सत्त्व म्हणून वेगळं काही निघत नाही, त्यामुळे सत्त्व देणाऱ्यांच्या रांगेत तो बसत नाही. महत्त्व कमी म्हणून खाली ठेवलाय असं नाही, पुराणकथेत तर पारा शिवाचा आणि गंधक पार्वतीचा, म्हणजे मान केवढा बघा. पण हे माझं मत झालं, ग्रंथकाराने 'मी असं का लावलं' हे कुठे लिहून ठेवलेलं नाही. हिंगुळाबद्दल मात्र तुमचा मुद्दा बिनतोड आहे, त्याचं उत्तर आटपाट_नगर देतील, ते संस्कृतवाले आहेत, कुठे गायब झाले कोण जाणे.

आटपाट_नगर
गायब नाही हो, पोथी शोधत होतो.

सगळे जण रसरत्नसमुच्चयाची यादी म्हणजे शेवटचा शब्द असं धरून चाललेत, तिथेच गोची आहे. तो ग्रंथ साधारण तेराव्या शतकातला, आणि आधीच्या बऱ्याच ग्रंथांचं सार काढून नीट घडी घातलेला. त्याच्या आधीचा रसार्णव बघा. तिथे महारस आठच आहेत पण कोण तर माक्षिक, विमल, शैल (शिलाजतू), चपल, रसक, सस्यक, दरद आणि स्रोतोंजन (अंजनाचाच एक प्रकार). दरद म्हणजे हिंगूळ! म्हणजे पारा_चढला यांना जे खटकलं ते रसार्णवकाराला पण खटकलं असतं, त्याने हिंगूळ वरच्या फळीवरच ठेवलाय. गोविंद भगवत्पादांच्या रसहृदयतंत्रात आणखी वेगळे आठ: वैक्रांत, कांत, सस्यक, माक्षिक, विमल, अद्रि (शिलाजतू), दरद, रसक. इथेही हिंगूळ आहे, आणि कांत म्हणजे चुंबकी लोखंड, ते नंतर सरळ धातूंत गेलं. या दोन्ही आठांत अभ्रक नाहीये बरं का, त्याचा विचार ते वेगळा, पाऱ्याला खायला घालायचा मुख्य घास म्हणून करतात.

आकडा आठच राहतो, माणसं बदलतात. मंत्रिमंडळच म्हणा ना.

आणि औषधी वैद्यांची, म्हणजे पाऱ्याच्या मागे न लागलेल्यांची वर्गवारी बघितली तर महारस हा शब्दच दिसत नाही. चरकाने सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात औषधं तीन प्रकारची सांगितली: प्राण्यांपासून, वनस्पतींपासून आणि जमिनीतून. जमिनीतल्यांची यादी दीड श्लोकात आटोपली, सोनं, पाच धातू त्यांच्या मळांसकट, वाळू, चुना, मनशीळ, हरताळ, रत्नं, मीठ, गेरू, अंजन. संपलं. सुश्रुत गण पाडतो ते रोगावर काम कसं करतात त्यावरून, त्यामुळे त्याच्या ऊषकादि गणात सैंधव, शिलाजतू, हिराकस, मोरचूद यांच्यासोबत हिंग पण बिनधास्त बसतो. दगडधोंडे सरांना कवडीचा धक्का बसला, इथे तर फोडणीचं सामान आहे.

चहाबाज
हिंग पण खनिज?? आता आमटी म्हणजे भस्म झाली म्हणायची.

दगडधोंडे
आटपाट, हे भारीच काम केलंत. मग शार्ङ्गधर, भावप्रकाश वगैरे नंतरचे लोक कसं लावतात?

आटपाट_नगर
ते सरळ धातू आणि उपधातू असं लावतात. सात-सात. शार्ङ्गधराचे सात धातू: सोनं, चांदी, पितळ, तांबं, शिसं, कथील, पोलाद. उपधातू: माक्षिक, मोरचूद, अभ्रक, नीलांजन, मनशीळ, हरताळ, रसक. भावप्रकाशात (सोळावं शतक) धातू: सोनं, चांदी, तांबं, कथील, जस्त, शिसं, लोखंड. आणि उपधातूंत सोनामाखी, रूपामाखी, मोरचूद, कांसं, पितळ, शेंदूर, शिलाजतू.

निवृत्त_केमिस्ट
हे वाचून मी उठून बसलो. लोकहो, दोन याद्या शेजारी ठेवा आणि फक्त पितळेकडे बघा.

शार्ङ्गधराकडे पितळ मूळ धातूंत आहे आणि जस्ताचा पत्ता नाही. भावप्रकाशाकडे जस्त धातू झालंय आणि पितळ खाली उपधातूंत घसरलीय. याचं कारण भट्टीत आहे. जस्त ९०७ अंशाला उकळतं, आणि खनिजातून जस्त सुटायला त्याच्याहून जास्त उष्णता लागते. म्हणजे साध्या भट्टीत जस्त तयार झालं रे झालं की वाफ होऊन उडून जातं, हवेत जळून पांढरी राख होते. त्यामुळे हजारो वर्षं लोक पितळ करत होते ती तांबं, रसक आणि कोळसा एकत्र तापवून, वाफ थेट तांब्यात मुरायची, जस्त हा धातू म्हणून डोळ्यांना दिसायचाच नाही. मग तुम्ही वैद्य असाल तर पितळेला मिश्रण कशाला म्हणाल? रसरत्नसमुच्चयाने मात्र पितळ, कांसं आणि वर्त यांना 'मिश्र लोह' म्हटलंय (लोह म्हणजे इथे कुठलाही धातू), शिसं-कथलाला 'पूती', म्हणजे दुर्गंधी, लोह, आणि त्याच ग्रंथात रसकाचं सत्त्व काढायला वांग्याच्या आकाराची मूस सांगितलीय, लांब नळीची, वाफ खाली उतरवून थंड करायची. आणि अगदी तशाच वांग्यासारख्या मातीच्या मुशी राजस्थानात उदयपूरजवळ झावरला ढिगांनी सापडल्या, १९८० च्या दशकात तिथे उत्खनन झालं, अख्ख्या भट्ट्या मुशींसकट मिळाल्या. म्हणजे ग्रंथातली कृती कुणी खोलीत बसून रचलेली नाही, खरोखरच टनावारी जस्त निघत होतं.

वर्गीकरण ताठ असतं तर जस्ताला जागा मिळाली नसती. ते सरकलं, कारण भट्टी बदलली. माझ्या नोकरीत मी बरीच वर्गीकरणं पाहिली जी फॅक्टरी बदलली तरी बदलत नाहीत, असो.

जांभ्या
एवढ्या विद्वानांत मी गावठी, पण आमच्याकडे (सिंधुदुर्ग) गेरूची माती जांभ्यात पट्ट्यापट्ट्याने मिळते, लाल आणि पिवळी दोन्ही. ग्रंथात गेरूचे काही प्रकार दिलेत का? आणि तुरटीला कांक्षी म्हणतात हे पहिल्यांदा कळलं, ती तर आमचा न्हावी लावतो.

काढा_दोनदा
@जांभ्या, दोन प्रकार. पाषाण गैरिक, कडक आणि तांबडा. स्वर्ण गैरिक, मऊ, स्निग्ध, गडद लाल, औषधाला हाच. तुमच्या जांभ्यातला मऊ असेल तर कॉलर ताठ करा.

तुरटीचं वर्णन तर मला फार आवडतं. सौराष्ट्रातल्या दगडात होते, आणि कपड्याला लावली की मंजिष्ठेचा रंग पक्का बसवते असं म्हटलंय. म्हणजे ओळख पटवायला रंगाऱ्याची कसोटी दिलीय. असंच मुर्दाडशिंगाचं, त्या काळच्या गुर्जर मंडलात अबूच्या डोंगराजवळ मिळतं, पिवळं आणि पापुद्र्याचं. नवसागराचं तर आणखी मजेशीर: करीर आणि पिलूच्या लाकडापासून होतो, किंवा विटा भाजताना पांढुरका हलका क्षार जमतो तो.

निवृत्त_केमिस्ट
विटांच्या भट्टीचं बरोबर आहे. शेण जळण म्हणून वापरलं की त्यातला अमोनिया आणि मातीतल्या मिठातलं क्लोराइड, दोघं मिळून वर थंड जागी जाऊन बसतात. अमोनियम क्लोराइड वितळत नाही, उडतं आणि परत जमतं.

पारा_चढला
हे सगळं ठीक, पण आता कुणीतरी बोलायला हवं. २००८ साली बॉस्टनच्या संशोधकांनी इंटरनेटवरून विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली, त्यातल्या २०.७ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, आणि रसशास्त्राच्या औषधांत हे प्रमाण बाकीच्यांच्या दुपटीहून जास्त. तुमच्या कपाटातले सोमल, हरताळ, हिंगूळ हे शोभेला ठेवताना त्याखाली हेही लिहा.

काढा_दोनदा
लिहाच, माझी काही हरकत नाही. कायद्यातच ई(१) नावाचं शेड्यूल आहे, सोमल, हरताळ, पारा, रसकापूर, मोरचूद, हिंगूळ, शेंदूर हे सगळे त्यात विषारी म्हणून नावानिशी आहेत, आणि असल्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्या असं छापावं लागतं. ऑनलाइन मागवून स्वतःच्या मनाने भस्म खाणाऱ्यांशी माझं पण रोजचं भांडण असतं. फक्त वर्गीकरणाचा धागा आहे म्हणून

संपादक
भस्मं सुरक्षित की घातक यावर आधीच वेगळा धागा चालू आहे आणि तो पुरेसा तापलेला आहे. इथे वर्गीकरणावरच राहू या. पुढचे अवांतर प्रतिसाद हलवले जातील.

दगडधोंडे
आभार संपादक. आता माझ्या दुखण्याकडे येतो: वैक्रांत. कुठे टूर्मलिन लिहिलंय, कुठे फ्लोरस्पार. ग्रंथातलं वर्णन कुणी देईल का?

आटपाट_नगर
आठ अस्र, आठ फलक, सहा कोण, गुळगुळीत आणि जड. रंग आठ: पांढरा, लाल, पिवळा, निळा, पारव्यासारखा, सावळा, काळा, चित्रविचित्र.

दगडधोंडे
आठ पृष्ठं आणि सहा कोपरे म्हणजे शुद्ध अष्टफलक, ऑक्टाहेड्रॉन! मग टूर्मलिन बाद. त्याचे स्फटिक लांबट, कडेवर उभ्या रेघा, आडवा छेद फुगीर त्रिकोणासारखा, त्यातून अष्टफलक होत नाही. फ्लोराइट फोडलं की आपोआप अष्टफलकी तुकडे पडतात, रंगही वाटेल ते असतात, आणि गुजरातेत आंबा डोंगरला त्याचा मोठा साठा आहे. माझं मत फ्लोराइटला.

आटपाट_नगर
सर, एवढ्यात पेढे वाटू नका. हेच विशेषण, 'अष्टास्र अष्टफलक षट्कोण', त्याच ग्रंथात उत्तम हिऱ्याला पण लावलंय. आणि हिरा नसेल तर वैक्रांत वापरा अशी परंपरा आहे. म्हणजे वर्णन खनिज बघून केलंय की हिऱ्याची ओळ उचलून बदली खेळाडूला चिकटवलीय, हे सांगता येत नाही.

दगडधोंडे
च्यायला. हिरा पण अष्टफलकीच असतो.

निवृत्त_केमिस्ट
कंकुष्ठाच्या मानाने वैक्रांत बरं म्हणायचं. कंकुष्ठ हिमालयाच्या पायथ्याला होतं असं एकीकडे, नुकत्याच जन्मलेल्या हत्तीच्या पिल्लाची विष्ठा असं काही म्हणतात हे दुसरीकडे, आणि घोड्याच्या पिल्लाची नाळ असंही कुणी म्हणतं अशी तिसरी नोंद. आणि काम काय तर जोरदार रेचक. पिवळं आणि रेचक म्हटल्यावर बरेच जण म्हणतात हा झाडाचा चीक, उसारे रेवंद. तसा असेल तर उपरसात पण एक वनस्पती घुसलीच. अंजनांतलं रसांजन पण दारुहळदीच्या काढ्याचं.

काढा_दोनदा
म्हणूनच म्हणते, 'खनिज आहे की नाही' ही चाळणी त्यांनी लावलेलीच नाही. भट्टीशेजारच्या फळीवर कामाला काय लागतं ते ठेवलंय. मूळ रासायनिक जात बघून वर्ग पाडायची सवय नंतरची. आता आम्ही शिकवतो त्यात सुधा वर्ग (चुना, शंख, शिंपला, कवडी, मोती, पोवळं, गोदंती, म्हणजे सगळा कॅल्शियम) आणि सिकता वर्ग (अकीक वगैरे, सिलिकावाले) वेगळे असतात. तिथे कवडी साधारण रसातून उठून शंखाशेजारी गेली, आणि मोती-पोवळं नवरत्नांत पण आहेत आणि इथे पण. परीक्षेला दोन्ही लिहावं लागतं, पोरं शिव्या घालतात.

जांभ्या
मग सर मांडणार कसं ते सांगा ना, आम्ही बघायला येऊ.

दगडधोंडे
ठरलं असं. एक कपाट रसरत्नसमुच्चयाच्या क्रमाने, तीन फळ्या, आणि प्रत्येक सँपलखाली बारीक अक्षरात तेच द्रव्य रसार्णवात, शार्ङ्गधरात, भावप्रकाशात कुठल्या रांगेत बसतं ते. दुसऱ्या कपाटात तीच द्रव्यं आमच्या पद्धतीने. पितळ आणि जस्ताला वेगळा कोपरा देतोय, केमिस्टकाकांची टीप तिथे लावीन. वैक्रांताच्या जागी फ्लोराइट आणि टूर्मलिन दोन्ही, प्रश्नचिन्हासकट. पारा मधे ठेवावा म्हणतो, बाटलीत.

निवृत्त_केमिस्ट
पारा ठेवू नका. काच फुटली की व्हरांडाभर गोळ्या पळतील आणि साफ करणाऱ्याचे हाल होतील. हिंगुळाचा खडा ठेवा, बंद डबीत. सोमल आणि हरताळ कुलपात, आणि किल्ली शिपायाकडे नको.

दगडधोंडे
मान्य. राहता राहिला चपल. बिस्मथ म्हणू की सेलेनियम? दोन्ही पुस्तकांत वाचलं.

आटपाट_नगर
ग्रंथ म्हणतो कथलासारखा आगीत वितळतो. चार रंग. त्यातले सोन्यासारखा आणि चांदीसारखा हे पारा बांधायला उत्तम, बाकीचे दोन लाखेसारखे पटकन वितळतात आणि ते निष्फळ.

निवृत्त_केमिस्ट
कथील २३२ अंशाला वितळतं, सेलेनियम २२१, बिस्मथ २७१. यावरून निकाल लागत नाही.

काढा_दोनदा
पण बघितलंत ना, चपलाच्या चार जातींत पण चांगला कोण तर जो पारा बांधतो तो. पारा_चढला, कुठे आहात?

पारा_चढला
इथेच आहे. हे मान्य. गंधकाचं अजून मान्य नाही.

चहाबाज
चपलाच्या जागी रिकामी डबी ठेवा आणि लिहा 'आत्ताच इथे होता'.